कामाची वाट कोणाची?

साखरेच्या गावी थंडी आणि काम ही दोन्ही एकदमच येतात. आपल्या वसमतचा पूर्णा कारखाना घ्या किंवा दुसरा कोणताही घ्या. हंगामात गाळप रात्रीचे थांबविता येत नाही, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटते. म्हणून पाळी मध्यरात्रीची असो वा पहाटेची, कामगाराला निघालेच पाहिजे. पुष्कळ वर्षे तो सायकलीवर निघे. कानांना मफलर, स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी. डायनॅमोचा दिवा चाक फिरेल तोवरच जळतो. समोरून गाडी आली म्हणून थांबावे, तर नेमका तेव्हाच तो विझतो! आणि पुढे उसाच्या गाड्या, मागे लाल दिव्याचा पत्ता नाही.

या वाटेवर माणूस पडला, तर तो कामावर होता की नव्हता?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची अट अशी होती की, अपघात नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडलेला असावा. हा ओघ नेमका कोठे सुरू होतो, यावर शंभर वर्षे वाद चालला. मुंबईच्या बेस्टचा एक ड्रायव्हर पाळी संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना अपघातात मरण पावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली त्याची भरपाई मान्य केली, कारण बसने जाण्याची ती सोय नोकरीचाच भाग होती. म्हणजे मालकाच्या गाडीत बसलेला तो कामगार, आणि स्वतःच्या पायांनी पॅडल मारणारा तो नुसता वाटसरू!

केरळातील एका कामगाराला हे भोवले. १९७१ साली साडेचारच्या पाळीसाठी तो सायकलीवर निघाला होता. सव्वाचार वाजता, कारखाना एक किलोमीटरवर असताना, त्याला लॉरीने उडविले. लॉरीही त्याच्याच मालकाची! १९९६ साली निकाल लागला : ही नोकरीतील इजा नव्हे. तो निकाल कायद्याच्या शब्दाला धरून असेल. मला तो कधीच पटला नाही.

२०१० मध्ये संसदेने राज्य कामगार विमा कायद्यात दुरुस्ती करून जाण्यायेण्याच्या वाटेवरील अपघात नोकरीत धरला. पण तो कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि साखर कारखाने हंगामीच. ज्याची वाट सर्वांत अंधारी, तोच बाहेर राहिला.

आपल्याच मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीवर जाताना पाच किलोमीटर अलीकडे मरण पावला. सायकल जाऊन मोटारसायकल आली होती, एवढाच फरक. कुटुंबाला मिळालेली भरपाई २०११ साली उच्च न्यायालयाने रद्द केली. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. बावीस वर्षे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आता ही तरतूद आहे.

मात्र अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो. म्हणून पंचनामा होताना तेथे युनियनचा एक माणूस उभा असावा, आणि पाळी किती वाजताची होती हे त्याने कागदावर लिहून घ्यावे.