खिशातला चाकू आणि चुलीजवळची विळी

सध्या मुक्काम रुआबांधा. भिलाईच्या टाउनशिपमधला हा एक सेक्टर. जुनी क्वार्टर्स, मोठी झाडं, आणि मरोद्याच्या लाइनवरून दल्ली-राजहराचं लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालगाड्या. मुलांच्या शाळेपायी कुटुंब गावी राहिलंय, त्यामुळे चूल माझी मीच पेटवतो. एक शेगडी, एक कुकर, एक कढई. कापायला दोन पाती आहेत आणि दोन्ही फील्डमधून आलेली. एक घडीचा चाकू, चार बोटं पात्याचा. दुसरा म्यानातला, जाड पाठीचा, लाकूड फोडायच्या कामाचा. विळी नाही.

फौजेतल्या बहुतेक घरांत हा वाद होऊन गेलेला असतो. सुट्टीवर आलेला माणूस खिशातून चाकू काढतो, कांदा हातात घेतो, आणि आतून आवाज येतो, "अहो, तो नको! त्याने काय काय कापलं असेल!" आपण म्हणतो, धुतलाय. पण प्रश्न नुसत्या धुण्याचा नसतो. चुलीजवळ कोणतं पातं यावं आणि ते कोणाच्या हातात असावं, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरून गेलं होतं. त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मराठी स्वयंपाकघराचं पातं म्हणजे विळी. कोकणात तिला आडाळो, गोव्यात आदोळी म्हणतात. बंगालात तिचीच बहीण बोटी, नेपाळात चुलेसी, आणि इथे छत्तीसगढमध्ये पहसुल. या सगळ्यांत पातं जागेवर असतं आणि हलते ती भाजी. चाकूचं बरोबर उलटं. विळीला जमीन लागते, बसायची जागा लागते, पाट दाबून धरायला पाय लागतो आणि दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणजे घर लागतं. कूच करणाऱ्या माणसाच्या ती कामाची नाही. शब्दही बघा. 'विळी' शेतातल्या विळ्याच्या घरातली. 'सुरी' संस्कृतातून आलेली. 'चाकू' मात्र तुर्की-फारसी, घोड्यांबरोबर आणि लष्करांबरोबर फिरलेला शब्द. भाजी आपण 'चिरतो'. 'कापणं' कोंबडीचं, नाहीतर माणसाचं. जुन्या बायका अजून ही चूक दुरुस्त करतात.

गंमत अशी की आपल्याकडच्या कितीतरी विळ्या घडीच्या असतात. काम झालं की पातं खिळीवर फिरवून पाटावर निजवायचं, म्हणजे रांगत्या पोराला लागत नाही. तत्त्व खिशातल्या चाकूचंच, फक्त खिसा मोठा हवा.

मग फौजेतला माणूस काय वापरत होता? मराठी फौजांबद्दल आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं आहे: बाजीराव घोड्यावर बसून कणसं हातावर चोळून दाणे खातोय. ग्रँट डफने ही गोष्ट लिहून ठेवली आणि ती चालत राहिली. खरी असो नसो, तिचा अर्थ खरा आहे. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाला दमवलं ते हलक्या फौजेने, जिच्यामागे स्वयंपाकघर नव्हतं. १७६१ ला पानिपतावर नेमकं उलटं झालं. लढणाऱ्यांच्या मागे यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे, म्हणजे सगळा संसारच निघालेला. विळ्याही गेल्या असतील त्यात, दुसरं काय.

या भागाचंही मराठी फौजेशी जुनं नातं आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा भास्करराम बंगालच्या वाटेवर रतनपूरवर आला, आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुराहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. दुर्ग-रायपूरकडच्या काही मराठी घरांची मुळं त्या काळापर्यंत जातात.

कंपनीच्या पलटणींत शिपाई आपापला शिजवत असे. बंगालच्या सैन्यात तर जातीपातीमुळे एकेकाची चूल वेगळी, लोटा वेगळा. मुंबईच्या सैन्यात, म्हणजे आपल्या लोकांत, ही सोवळी कमी होती. रांगेत सगळ्या जातींचे लोक खांद्याला खांदा लावून उभे राहत, याची इंग्रजांनीही नोंद केलेली आहे. सगळ्यांचा मिळून एक लंगर ही पुढची गोष्ट. आजच्या जवानाला दोनशे माणसांचे कांदे एका जागी चिरलेले दिसतात, त्याला ही मोठी वाटचाल आहे हे जाणवतही नाही.

खिशातल्या चाकूला फौजेत कायमची जागा मिळाली ती मात्र कांद्यामुळे नव्हे, टिनमुळे. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली निघालं. डबा उघडायचं खास हत्यार यायला मात्र १८५० चं दशक उजाडलं. मधली चाळीसेक वर्षं सैनिक संगीन, छिन्नी, चाकू, हाताला लागेल त्याने डबे फोडत होते. ज्याने शक्करपाऱ्यांचं सीलबंद टिन संगिनीच्या टोकाने उघडलंय, त्याला यात नवल वाटणार नाही.

स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ ची नवी रायफल घेतली, तेव्हा तिचे स्क्रू सोडवायला आणि डबा उघडायला एकच घडीचा चाकू असावा असं ठरवलं. पात्याबरोबर टोच्या, डबाफोड्या आणि पेचकस. १८९१ मध्ये पहिली खेप आली ती जर्मनीतल्या झोलिंगेनहून, कारण एवढे चाकू बनवणारा कारखाना देशात नव्हता. ते कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराला लागलं आणि त्याने काम आपल्या हातात घेतलं. १८९७ चा त्याचा 'ऑफिसर' चाकू पुढे जगभर लाल मुठीने ओळखला गेला. म्हणजे या चाकूचा जन्मच अर्धा रायफलीसाठी आणि अर्धा जेवणासाठी झाला. फ्रान्सच्या सॅव्हॉय डोंगरातला ओपिनेल १८९० चा. लाकडी मूठ, एकच पातं, शेतकऱ्याचा चाकू. पातं उघडल्यावर अडकवून ठेवणारं कडं त्याला १९५५ मध्ये आलं. तोवर तो बोटांवर मिटायची भीती असायचीच.

इंग्रजी फौजेचा चाकू आणखी दणकट. एक पातं, एक डबाफोड्या, दोराच्या गाठी सोडवायचा एक जाड टोच्या, आणि कमरेला बांधायला दोरी. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव १९४५ मध्ये तिथेच व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र ठरले, घाडगे मरणोत्तर. त्या पिढीतले आमच्या नात्यातले एक आजोबा परतले तेव्हा ट्रंकेत असा चाकू होता. ते त्याने आंबा चिरायचे. फक्त आंबा, आणि तोही ओसरीवर बसून. स्वयंपाकघराचा उंबरा त्या चाकूने कधी ओलांडला नाही. मूल रडलं तर सालासकट फोड हातावर ठेवायचे, पण भाजी? ते काम विळीचं आणि विळी आजीची.

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. मराठी पुरुष स्वयंपाकघरात गेला नाही याची कारणं पुष्कळ, पण त्यात एक अगदी साधं होतं: तिथलं पातं त्याचं नव्हतं. विळीवर मांडी घालून, पाय टेकवून बसणं त्याला कोणी शिकवलं नाही, आणि शिकला असता तर हसले असते. चाकूवर मात्र त्याचा हक्क आधीच होता.

मग उंबरा ओलांडला कसा? आधी ओटा आला. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेलने गॅसच्या टाक्या विकायला सुरुवात केली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहरातला स्वयंपाक जमिनीवरून उठून उभा राहिला. उभ्याने विळी चालत नाही. ओट्यावर ठेवायच्या विळ्या निघाल्या, पण फळी आणि चाकूच जिंकले. त्याच काळात फॅमिली क्वार्टरमध्ये राहिलेले, एकट्याने पोस्टिंग काढलेले, लंगरात कांदे चिरलेले लोक पेन्शनीत येऊ लागले. यांना चिरता येत होतं. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले माझे एक काका बायको गेल्यावर सोळा वर्षं स्वतःचं करून खात होते, तेही त्याच घडीच्या चाकूने. सुनेच्या दारात ताटकळावं लागलं नाही त्यांना. गावातल्या त्यांच्याच वयाच्या सिव्हिलमधल्या दोघा विधुरांचे हाल मी पाहिलेत.

आता कामाचं. फील्डचा चाकू घरच्या स्वयंपाकाला चालतो का? चालतो, पण त्याची तब्येत ओळखायला हवी. घरच्या सुरीचं पातं मुठीपेक्षा खाली उतरलेलं असतं, म्हणून फळीवर चिरताना बोटांच्या पेरांना जागा मिळते. घडीच्या चाकूत पातं आणि मूठ एका रेषेत, त्यामुळे पेरं फळीवर आपटतात. उपाय दोन. फळीच्या कडेवर चिरा, म्हणजे मूठ बाहेर राहील. नाहीतर फळी सोडाच, हातातल्या हातात चिरा. साल काढणं, लसूण, मिरची, बटाट्याचे डोळे, वांग्याला चीर देणं, या कामांत चार बोटांचा चाकू कोणत्याही सुरीला ऐकत नाही.

जाड पात्याची गोष्ट निराळी. असं पातं कांदा कापत नाही, पाचरीसारखं फाकवतं. गाजर तर टचकन तडकतं. पण लाल भोपळा किंवा जिमीकांदा, म्हणजे आपलं सुरण, अशा आडदांड मालाला तेच लागतं. दिवाळीच्या सुमारास इथल्या बाजारात जिमीकांद्याचे ढीग लागतात. हाताला तेल चोळायचं, पातं ठेवायचं आणि पाठीवर लाटण्याने ठोकायचं. एका पोस्टवर शेजारी गोरखा पलटण होती. तिथे खुकरीच्या म्यानातली छोटी सुरी, कर्दा, सोलण्या-चिरण्याला काढायचे आणि खुकरी बोकडासाठी. एकाच म्यानात दोन पाती ठेवणाऱ्यांना ही वाटणी शेकडो वर्षांपूर्वीच समजली होती.

"त्याने काय काय कापलं असेल" या आक्षेपाला मी हसत नाही. घडीच्या चाकूचा सांधा ही खरी घाणीची जागा आहे. कांद्याचा रस, मांसाचा अंश, मीठ सगळं तिथे बसतं, आणि वरून पुसलेला चाकू आतून तसाच राहतो. उघडून गरम पाणी आणि साबण, जुना टूथब्रश, पूर्ण कोरडा, मग सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब. रायफलीचं तेल नव्हे! आणि जेवणाचा चाकू एकदा जेवणाचा ठरला की त्याने दोर, तार, बूट, काही म्हणून कापायचं नाही. त्याला रीतसर डिस्चार्ज द्यायचा. न गंजणारं पातं असेल, म्हणजे स्टेनलेस, तर लिंबू-कैरीची चिंता नाही. साध्या कार्बन पोलादाचं असेल तर ते काळं पडणार, कैरीची फोडही काळी करणार. विळीही तेच करायची. केळफुलाला हात लावण्याआधी आजी पात्याला तेल पुसायची, आणि नंतर चिंच-राखेने घासायची.

कायद्याचं विचारणारे असतात म्हणून सांगतो. १८७८ च्या हत्यार कायद्यात संगिनी, तलवारी, भाले, अगदी धनुष्यबाणसुद्धा शस्त्रांत धरले होते. १९५९ च्या कायद्याखालच्या नियमांनी मोजमाप दिलं: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं. त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि उद्योगाच्या कामासाठी घडवलेली पाती वगळली. दिल्लीत बटणाच्या चाकूंवर वेगळी बंदी आहे. तेव्हा नारळ फोडायचा कोयता कितीही मोठा असो, तो घरचा आहे. विमानात मात्र दोन इंचांचाही हातातल्या बॅगेत नेऊ नका, काढून घेतात.

पोलादाच्या गावात बसून पोलादाबद्दल न लिहिणं जमायचं नाही. १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरला आले होते, चांद्याकडच्या लोखंडाचा नाद सोडतो असं सरकारला सांगायला. भेटायचा अधिकारी जागेवर नव्हता, म्हणून समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथल्या भूगर्भ नकाशावर दुर्ग जिल्हा लोहखनिजाच्या रंगात रंगवलेला दिसला. माणसं दल्ली-राजहराच्या डोंगरावर चढली, खनिज उत्तम निघालं, पण कारखाना शेवटी जमशेदपूरला गेला. हे डोंगर थांबून राहिले ते १९५५ च्या सोव्हिएत करारापर्यंत. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली. देशाच्या रेल्वेचे रूळ इथले. आयएनएस विक्रांतच्या पोलादातही भिलाईचा वाटा आहे.

रुळाच्या पोलादात कार्बन ०.६० ते ०.८० टक्के असतो. गावातला लोहार विळा-कोयता करतो तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा, त्यात थोडा कमी. ओपिनेलच्या साध्या पात्यात ०.९ च्या आसपास. म्हणजे आगगाडी, ट्रक आणि कांदा यांच्यात फरक दशांशाच्या उजवीकडचा आहे, बाकी सगळं पाणी देणाऱ्याच्या हातात.

गेल्या महिन्यात रस्त्याकडेच्या गाडिया लोहाराकडून मी एक पहसुल करून घेतली. आपल्याकडच्या घिसाड्यांसारखीच बिऱ्हाडं ती. भाता बायको ओढते, घण नवरा मारतो. पातं कमानपाट्याचं, पाट सागाचा. चेंच भाजी आणि लाल भाजी बारीक चिरायला चाकू हरतो, तिथे ती लागते. सध्या सराव चालू आहे. पालेभाजीची जुडी अजून वाकडी येते, पण गुडघा दुखायचा थांबलाय. सुट्टीवर जाईन तेव्हा ती बरोबर नेणार आहे, आणि घडीचा चाकूही. कोणता आत घ्यायचा ते घरी ठरेल.