निगेटिव्ह कोणाकडे?

घराला रंग काढायचा म्हणून भिंतीवरच्या फ्रेमा खाली उतरतात. आजी-आजोबांच्या लग्नातल्या फोटोची काच तडकलेली असते. ती बदलायला मागचा पुठ्ठा काढावा, तर फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का निघतो आणि त्याखाली शाईने लिहिलेला एक नंबर. तो निगेटिव्हचा नंबर. सासरी गेलेल्या मुलीला एक कॉपी हवी झाली किंवा मुंबईच्या काकांनी पत्रातून मागितली, की तो चिठ्ठीवर उतरवून स्टुडिओ गाठायचा. फोटोग्राफर आतल्या खोलीत जाई, खोक्यांच्या रांगेतून निगेटिव्हची नेमकी काच शोधून काढी आणि 'परवा या' म्हणे. फोटो घरात, मूळ प्रत दुकानात. हे असं का, हा प्रश्न कोणाला पडत नसे. दुकान गावातच होतं आणि दुकानदार ओळखीचा होता.

महाराष्ट्रात ही विद्या लवकर आली. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' १८५४ साली स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतली नावं. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी बडोद्यात फोटो स्टुडिओ काढून पाहिला होता. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी तिथल्या लोकांची समजूत होती, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. आपली छबी कोणीतरी काढून नेतो आणि स्वतःपाशी ठेवतो, ही धास्ती तेव्हापासूनची आहे. ती अगदीच अडाणी होती असं आज म्हणवत नाही.

स्टुडिओच्या काचा म्हणजे त्याचं भांडवल. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्डने एकोणिसाव्या शतकात अर्धा हिंदुस्थान काचेवर उतरवला, त्याला नंबर दिले, कॅटलॉग छापले आणि वर्षानुवर्षं त्याच काचांवरून प्रती विकल्या. १९९१ साली त्या इमारतीला आग लागली आणि संग्रहाचा मोठा हिस्सा जळाला. २०१६मध्ये दुकानही बंद झालं. गावोगावच्या लहान स्टुडिओंच्या जाण्याचा इतकाही बोलबाला झाला नाही. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, माळ्यावरची खोकी अडचण करू लागली, की रद्दीवाल्याला हाक.

निगेटिव्ह घरी आली ती कोडॅकमुळे. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली बाजारात आणलेला कॅमेरा पंचवीस डॉलरचा होता आणि आत शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला की सबंध कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो छापून, निगेटिव्ह आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येई. बटण तुम्ही दाबा, पुढचं आमच्याकडे लागलं, अशी त्याची जाहिरात होती. सगळी उठाठेव दुसऱ्यावर सोपवण्याची सवय इथे लागली, मात्र उठाठेव झाल्यावर माल मालकाच्या हातात पडत होता. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

आपल्याकडे ही चैन मध्यमवर्गात यायला आणखी सत्तर-ऐंशी वर्षं गेली. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा अनेक घरांतला पहिला कॅमेरा. त्याच्या पाठीवर लाल काचेची एवढीशी खिडकी. चावी फिरवत जायचं, खिडकीत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे महाबळेश्वरला निघालेल्या कुटुंबात प्रत्येक फोटोवर चर्चा होई. आठ पॉइंटवर संपले, चार बारशाला ठेवायचे. मग रोल धुवायला टाकायचा आणि आठवडाभर वाट बघायची. पुढे पस्तीस मिलिमीटरचा छत्तीसचा रोल आला. नीट भरला तर सदतिसावा, अडतिसावाही निघे आणि घरातला कर्ता माणूस तो स्वतःचा पराक्रम समजे.

लॅबमधून येणाऱ्या पाकिटात दोन कप्पे असत. पुढच्यात फोटो, मागच्यात चार-चार, सहा-सहाचे तुकडे केलेली निगेटिव्ह. उजेडाकडे धरली की तपकिरी-नारिंगी पट्टीत काळे दात आणि पांढरे केस असलेली आपलीच माणसं. फोटो अल्बममध्ये जात, पाकीट कपाटात, लग्नाच्या शालूखाली. बहुतेक घरांत ती पाकिटं पुन्हा उघडली गेली नाहीत, पण ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हे २६ जुलै २००५ला मुंबईने पाहिलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यांवरच्या कपाटांचे खालचे कप्पे आधी बुडाले आणि अल्बम नेहमी खालच्याच कप्प्यात असतात. फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर भिजून फुगतो आणि वाळताना समोरच्या पानाला घट्ट धरतो. चिकटलेले फोटो वाळण्याआधी स्वच्छ पाण्यात बुडवून हळूहळू सोडवायचे असतात. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, अल्बम उन्हात ठेवतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापुराने हाच धडा पुन्हा दिला.

मुंबईतल्या त्या पावसापर्यंत रोलचा जमाना संपत आला होता. ज्यांनी तो संपवला त्यांतला पहिला माणूस खुद्द कोडॅकच्याच नोकरीत होता. स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली बनवलेला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोंहून जड होता. दहा हजार ठिपक्यांचं एक काळंपांढरं चित्र कॅसेटच्या टेपवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. कंपनीने कौतुक केलं आणि पुढची बरीच वर्षं फिल्मच विकली. मग सीडी आल्या, त्यांवर मार्करने 'गोवा ट्रिप' लिहिलं गेलं आणि काही वर्षांत त्या वाचणारे कॉम्प्युटरच घरातून गेले. या मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खूप फोटो निघाले आणि खूप हरवले.

मराठीत 'ढगात गेला' म्हणजे काय हे सांगायला नको. त्यामुळे 'आई, तुझे सगळे फोटो क्लाउडवर गेले' हे ऐकून एखाद्या आईच्या पोटात गोळा आला असेल, तर तिला हसू नये. क्लाउड म्हणजे कोणाच्या तरी इमारतीतला कोणाचा तरी कॉम्प्युटर. फोटो तिथे जातो तो आकाशातून नव्हे, जमिनीखालच्या आणि समुद्राखालच्या तारांमधून. आपल्याकडे अशा कितीतरी तारा वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. एकूण काय, काचा पुन्हा स्टुडिओवाल्याच्या मागच्या खोलीत गेल्या. आता ती खोली कुठल्या गावात आहे ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं.

या नव्या स्टुडिओंची दुकानदारी बघण्यासारखी आहे. १९९९ साली सुरू झालेली ऑफोटो ही फोटो साठवणारी वेबसाइट कोडॅकने २००१मध्ये विकत घेतली. पुढे तिचं नाव कोडॅक गॅलरी झालं. फोटो फुकट ठेवा, प्रिंट आमच्याकडून काढा, असा हिशेब होता. लोकांनी फोटो ठेवले, प्रिंट काढल्या नाहीत. २००९मध्ये नियम आला, वर्षाला निदान पाच डॉलरच्या आसपास खरेदी करा, नाहीतर फोटो काढून टाकू. जानेवारी २०१२मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी जुलैत गॅलरीला कुलूप लागलं. फ्लिकर २००४चं. २०१३मध्ये त्याने प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली. २०१८मध्ये मालक बदलला आणि फुकट खात्यावर हजारच फोटो राहतील, असं ठरलं. आपल्याकडे घरोघरी चाललेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो वेळेत उतरवून घ्यायचं ज्यांना सुचलं नाही, त्यांनी ते गमावले.

सिंक हा शब्द याच काळात रुळला. त्यामागची युक्ती साधी आहे. प्रत्येक फाइलवर गणित करून एक आकडा काढायचा, तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा. दोन्हीकडचे ठसे ताडून पाहायचे आणि जे पलीकडे नाही तेवढंच पाठवायचं. फक्त बदललेले तुकडे पाठवण्याची 'आरसिंक' ही करामत ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९६ साली पॉल मॅकेरास यांच्यासोबत जगापुढे ठेवली. ॲपलचं आयक्लाउड ऑक्टोबर २०११मध्ये आलं, तेव्हा त्यातला फोटो स्ट्रीम शेवटचे हजार फोटो घरातल्या सगळ्या उपकरणांवर आपोआप पोचवत असे. लोकांना ही जादू वाटली. जादूची दुसरी बाजू नंतर कळली.

एका सेवानिवृत्त शिक्षिकेची गोष्ट प्रातिनिधिक म्हणता येईल. फोन सारखा 'जागा नाही' म्हणून कुरकुरायचा, म्हणून दुपारभर बसून त्यांनी सकाळचे सुविचार, गुलाबाची फुलं आणि दत्तजयंतीच्या शुभेच्छा उडवल्या. हात लागलाच होता म्हणून नातवाचे जुने फोटोही उडवले. ते वर आहेत ना, मग इथे कशाला? संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन, 'आई, माझ्या टॅबवरचे फोटो कुठे गेले?' खातं एकच होतं. सिंकला आई आणि मुलगी कळत नाही. एकीकडे पुसलं ते सगळीकडे पुसलं. ट्रॅशमध्ये काही दिवस फोटो राहतात हे मुलीला माहीत होतं, म्हणून निभावलं.

गूगल फोटोज मे २०१५मध्ये आलं ते अमर्याद जागा फुकट घेऊन. अट एवढीच की सोळा मेगापिक्सेलहून मोठा फोटो लहान करून ठेवला जाईल. आपल्याकडे २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बारा फोटो पुरवून वापरणाऱ्यांची नातवंडं एका वडापावचे बारा फोटो काढू लागली. तरीही वाय-फाय सगळ्यांकडे नव्हतं. म्हणून २०१८च्या अखेरीस गूगलने भारतासाठी 'एक्स्प्रेस' नावाचा वेगळा पर्याय दिला. त्यात फोटो तीन मेगापिक्सेलपर्यंत दाबून पाठवला जाई. जुलै २०१९पर्यंत जगभरात वापरणाऱ्यांचा आकडा शंभर कोटींवर गेला.

नोव्हेंबर २०२०मध्ये गूगलने सांगितलं की चार लाख कोटींहून अधिक फोटो जमले आहेत आणि दर आठवड्याला अठ्ठावीसशे कोटी फोटो-व्हिडिओंची भर पडते आहे. १ जून २०२१पासून फुकटचा कारभार थांबेल, १५ जीबीनंतर पैसे. कोडॅक गॅलरीचाच हिशेब, फक्त जमाखर्चाची वही मोठी. लोक चिडले, पण हलले फार थोडे. पाच-सहा वर्षांचं आयुष्य उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे बिऱ्हाड हलवण्याइतकाच व्याप. शिवाय 'आजी' असं लिहिलं की आजीचे सगळे फोटो काढून देणारा कारकून दुसऱ्या दुकानात असेलच, याची खात्री काय?

स्टुडिओवाल्याच्या माळ्यावर गिऱ्हाईक मेल्यानंतरही काच राहत असे. इथे तसं नाही. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३पासून काढून टाकू लागलं. आपल्या माघारी खातं कोणाच्या हाती जावं हे आधी नोंदवायची सोय गूगलने २०१३मध्येच केली होती, ॲपलने २०२१मध्ये. ती किती घरांत वापरली जाते कोण जाणे. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषयही जेवणाच्या ताटावर काढत नाहीत, तिथे पासवर्डचा कोण काढणार?

पूर्वी घरात माणूस गेलं की दहाव्याच्या आधी कोणीतरी स्टुडिओत धावत असे. लग्नाच्या ग्रुप फोटोतून नेमका चेहरा निवडायचा, निगेटिव्हवरून मोठा करायचा, शेजारच्याचा खांदा ब्रशने रंगवून घालवायचा आणि हार घालायला फोटो तयार. आता मुलगा फ्रेमवाल्याच्या दुकानात फोन पुढे करतो. वडील, नातीच्या वाढदिवसाला, हसताहेत. फ्रेमवाला स्क्रीनवर दोन बोटं फाकवतो, चेहरा मोठा करतो. कडा फाटलेल्या दिसतात.

"व्हॉट्सअ‍ॅपवरचा नको साहेब, ओरिजिनल द्या. बारा बाय पंधरा करायचाय ना?"

मुलगा गॅलरी उघडतो. फोनची जागा वाचावी म्हणून कधीतरी सुरू केलेल्या सोयीमुळे तिथेही लहान प्रतच आहे. मूळ प्रत वर आहे. तो फोटोवर बोट टेकवतो, कोपऱ्यातलं छोटं वर्तुळ भरू लागतं आणि मध्येच थांबतं. दुकानात रेंज नाही. तो फोन घेऊन रस्त्यावर येऊन उभा राहतो.