राख वाढवली, पण कोणाच्या वाट्याची?

भुसावळजवळ दीपनगरचं वीजकेंद्र आहे. कोळसा जळून उरलेली अशी राख सिमेंटमध्ये, विटांमध्ये वापरतात. आता समजा, तुम्ही तिच्यावर प्रयोग केलात आणि प्रबंधात लिहिलंत, ‘राखेचं प्रमाण वाढवल्याने ताकद वाढते.’ परीक्षक विचारणार, कशाच्या बदल्यात?

मिश्रणात सिमेंट २०, राख ३० आणि वाळू ५० टक्के आहे. राख ४० करायची. वाळू कमी केली तर सिमेंट २०च राहतं, सिमेंट कमी केलं तर ते थेट १०वर येतं. राख दोन्हीकडे सारखीच वाढली, विटा मात्र अगदी वेगळ्या! बेरीज १०० असल्याने ‘बाकी सगळं स्थिर ठेवून’ हे इथे शक्यच नसतं.

काँक्रीटमधल्या राखेचा रेमंड डेव्हिस यांचा गाजलेला अभ्यास १९३७चा. पण मिश्रणांचं गणित नीट मांडलं हेन्री शेफे यांनी, १९५८मध्ये. त्यांनी मॉडेलमधून स्थिरांकच काढून टाकला. प्रमाणांची बेरीज १ असेल तर स्थिरांकाला त्या बेरजेने गुणता येतं, म्हणजे तो बाकीच्या सहगुणकांमध्ये विरघळतो.

इथेच बहुतेकजण फसतात (मीही फसलो होतो). शेफे मॉडेलमधला राखेचा सहगुणक म्हणजे राखेचा ‘परिणाम’ नव्हे. तो आहे १०० टक्के राखेच्या विटेची अंदाजित ताकद. अशी वीट कोणी पाडत नाही. सॉफ्टवेअर त्याच्यापुढे पी-व्हॅल्यू छापतं, ती फक्त एवढंच विचारते की ही ताकद शून्य आहे का. त्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

मग परिणाम मोजायचा कसा? डेव्हिड कॉक्स यांनी १९७१मध्ये वाट दाखवली: एक घटक बदला, बाकीच्यांचं आपसातलं गुणोत्तर तेच ठेवा. आपल्या उदाहरणात सिमेंट-वाळू २:५ राहील, म्हणजे १७.१ आणि ४२.९. ही दिशाही तुम्ही निवडलेली आहे, म्हणून ती प्रबंधात लिहावीच लागते. भट्टीवाल्याला सिमेंटच वाचवायचं असेल, तर त्याच्यासाठी सिमेंट-राख हीच दिशा खरी.

आणि दिवसही लिहा. सिमेंट पाण्याशी अभिक्रिया करतं तेव्हा सुटणाऱ्या चुन्याशी राख सावकाश जुळते. म्हणून सिमेंटच्या जागी राख घातलेला नमुना २८ दिवसांना मागे असू शकतो आणि ९० दिवसांना बरोबरीला येऊ शकतो. प्रमाणं तीच, सहगुणक वेगळे.