शनिवारचं टपाल

नातवानं लॅपटॉपवर जुना फ्रेंच सिनेमा लावला. 'जूर द फेत', झाक तातीचा, 1949 चा. म्हणाला, "आबा, तुमच्यावरच आहे."

खेड्यात जत्रा भरलीय. तिथल्या तंबूत अमेरिकेचं टपाल हेलिकॉप्टरनं जाताना दाखवतात, अन् ते बघून गावचा सायकलवाला पोस्टमन पेटतो. ट्रकची मागची फळी धरून, सायकलवरूनच पत्रांवर शिक्के मारतो. हसून हसून पोट दुखलं.

आमच्याकडंही तंबू यायचे. पडदा मधोमध, एकीकडं बाप्ये, दुसरीकडं बाया. एका बाजूला नायक डावखुराच दिसायचा. मला घाई लावली ती मात्र पिनकोडानं. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला. रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित. सहा आकडे टाकले की पत्र आमच्या काष्टीत पोचायचं. पुढं पत्ता काय, तर 'ओढ्यापलीकडचा मळा, चिंचेखालचं घर'. तिथं कसला पिनकोड!

तोडगा होता शनिवारचा. त्या दिवशी काष्टीला जनावरांचा बाजार. ज्याच्या वस्तीवर पोचायला सायकलनं पाऊण तास, तो गडी दावणीपाशीच उभा सापडायचा. त्यामुळं शनिवारी पिशवी घेऊन मी आधी बाजारतळावर. जुन्या पोस्टमननं लावून दिलेली ही रीत, नियमात कुठं नसलेली.

एकदा एका म्हाताऱ्याची मनीऑर्डर होती, मुंबईच्या पोराची. (ही सोय 1880 पासूनची.) गडी सौद्यात गुंतलेला. उजवा हात उपरण्याखाली, दलालाच्या हातात. बोटं दाबून भाव चाललेला. तोंडानं दोघंही पावसापाण्याचं बोलतायत. मला बघून म्हातारा हलला नाही, नुसता डावा हात पुढं केला. अंगठाही डावाच लागतो! शाई लावली, फॉर्मवर ठसा उमटवला. साक्षीला दुसरं कोण असणार? दलालानं मोकळ्या हातानं सही ठोकली. नोटा म्हाताऱ्याच्या बंडीच्या खिशात मीच कोंबल्या.

मग रिवाजाप्रमाणं कूपन मोठ्यानं वाचलं. "दादा, पैसे धाडतोय. बैल विकू नका."

उपरणं सावकाश खाली आलं. म्हाताऱ्यानं कासरा सोडला अन् खिल्लार घेऊन गडी वस्तीची वाट चालू लागला.

दलाल माझ्याकडं बघत राहिला. "पोस्टमनभाऊ, चहा पिऊन आला असता तर काय बिघडलं असतं?"