आवाजांची मिसळ

मिसळ खावी ती आपल्याकडेच! मटकी, फरसाण, कांदा, लिंबू सारे एका ताटलीत. पण शहाणा हॉटेलवाला तर्री मात्र वेगळ्या वाटीत देतो. आवाजांच्या मिसळीलाही हाच नियम लागू आहे, हे मॅट्रिकपुरते शिकलेल्या या मास्तराला पंचेचाळिशीत कळले, आणि तेही कांदिवलीतल्या आपल्याच वर्गात.

झाले असे, की स्नेहसंमेलनासाठी मुलांनी एक श्रुतिका बसवावयास घेतली. विषय मीच दिला होता : २६ जुलै २००५ ची रात्र. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई जागच्या जागी थांबली. एक आजी मुलाची वाट पाहते, एवढेच कथानक. शेवटी तिच्या तोंडी एकच वाक्य : "दार लावू नकोस गं, तो अजून यायचाय."

आजीचे काम करणारी मुलगी फार हळू बोलणारी. मुलांनी संगणकावर तिच्या आवाजावर पाऊस चढवला, पावसावर गडगडाट, गडगडाटावर कुत्री आणि सर्वांवर कडी म्हणून लोकलची धडधड. ऐकतो तो काय, सगळाच आवाज चरचरतो आहे आणि आजीचे वाक्य पुरात वाहून गेले आहे! मुलगी खाली मान घालून म्हणाली, "सर, माझं वाक्य दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"पाऊस भरपूर हवा" असे मीच बजावले होते. तेव्हा दोष माझाच. घरी आलो तो बोलपटांचा इतिहासच काढून बसलो.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट झळकला. अर्देशीर इराणींचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट, म्हणून बरेचसे चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागले. चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर, एकाच वेळी उमटत. पात्र बोलत असता इंजिनाने शिट्टी दिली, तर ती त्या संवादाला जन्माची चिकटायची! साथीदारांनी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर लपून वाजवावयाचे. म्हणजे ती मिसळ अशी, की एकदा कालवली ती कालवली.

पुढे ध्वनीची फीत वेगळी झाली. संवाद, गाणे, पावलांचा आवाज निरनिराळ्या फितींवर घेऊन शेवटी एकत्र करता येऊ लागले. नभोनाट्यांतही करवंट्यांचे घोडे दौडू लागले आणि पत्र्याच्या तुकड्यातून मेघ गरजू लागले. हाताशी एवढी साधने आली, की कोणाचेही हात शिवशिवणारच. पण १९३७ मध्ये प्रभातच्या 'कुंकू'त शांतारामबापूंनी वेगळेच धाडस केले. पार्श्वसंगीत त्यांनी वापरलेच नाही. घरातले, रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज तेवढे ठेवले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले ते जुने घड्याळ टिकटिकते आणि त्या तरुण मुलीचे दुःख आपोआप ऐकू येते. तेथे सारंगी लागली असती, तर घड्याळ कोणी ऐकले असते?

आज हे सारे पोरांच्या हाती आले आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेली 'ऑडॅसिटी' ही प्रणाली २००० साली बाहेर पडली. ती फुकट मिळते. संगणक आवाजाचे आकडे करतो, सीडीच्या मापाने सेकंदाला ४४,१०० वेळा. आवाज मिसळणे म्हणजे या आकड्यांची बेरीज. बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की लाटेचा माथा छाटला जातो आणि आवाज चरचरतो. आमचा पाऊस चरचरला तो यामुळे. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी एक तांब्या ओतला, तर दुसरे काय होणार?

दुसऱ्या दिवशी मी मुलांना म्हणालो, "आधी लोकल काढा."

"कांदिवलीची रात्र आणि लोकल नाही, सर?"

तेव्हा मला सांगावे लागले. त्या रात्री मी घरीच होतो. वडील रुळांवरून चालत येत होते, पण ते आम्हांला कोठे ठाऊक होते? आई उंबऱ्यावर बसून होती. पावसापेक्षा भय वाटत होते ते रुळांच्या मुकेपणाचे. जन्मभर जिच्या धडधडीत आम्ही झोपलो, ती लोकल त्या रात्री नव्हती. वडील सकाळी आले. आजीचे ते वाक्य माझ्या आईचे आहे.

वर्ग गप्प झाला. मग एका मुलाने काही न बोलता लोकल पुसली. दुसऱ्याने कुत्री काढली. दारे-खिडक्या गोधड्यांनी झाकून मुलीचे वाक्य पुन्हा घेतले. आवाज तिचा तसाच हळू. फक्त त्याच्या आधी पाऊस एकेक पायरी उतरवला आणि वाक्यानंतर पुन्हा चढू दिला.

संमेलनात मागच्या बाकापर्यंत ते वाक्य ऐकू गेले. माझी आई पहिल्या रांगेत होती. हल्ली तिला कमी ऐकू येते. पण तिने मान वळवून दाराकडे पाहिले.