ठसे कोणाच्या हातीं?

आज मी आपणांशीं टपालाच्या तिकिटांविषयीं बोलणार आहें; परंतु या भाषणाचें निमित्त मात्र तिकिटाचें नसून एका खेळाच्या यंत्राचें आहे. माझा भाचा अमेरिकेंत असतो. उतरत्या फळीवर पोलादी गोळी सोडावयाची आणि ती खिळ्यांवर व घंटांवर आपटत खालीं येऊं लागली कीं दोन हलत्या दांडक्यांनीं पुन्हां वर उडवावयाची, असा पिनबॉल नांवाचा खेळ तिकडे आहे. त्याचें एक भलें मोठें यंत्र घरीं आणण्याचें भाच्याच्या मनांत आहे. साधें यंत्र त्या मानानें स्वस्त मिळतें. पण विकणाराच्या पत्रकांत त्याच खेळाची एक 'मर्यादित आवृत्ति' दाखविलेली असून तिच्यावर अनुक्रमांकाची पट्टी बसविलेली आहे, आणि अशीं यंत्रें एक हजारच निघतील असें तेथें म्हटलें आहे. भाव अर्थात् पुष्कळच चढा. "मामा, तुम्ही जन्मभर तिकिटें जमविलींत. हजारच आहेत म्हणतात, घेऊं का?" असें त्यानें मला विचारलें.

यंत्रांतलें मला कांहीं कळत नाहीं. परंतु 'एवढेच नग आहेत' या वाक्याशीं माझा परिचय जुना आहे. गेल्या दीडशें वर्षांत तें वाक्य किती तोंडांनीं उच्चारलें गेलें आणि त्याचें पुढें काय झालें, याचा इतिहास तिकिटांच्या व्यवहारांत जितका स्वच्छ पाहावयास मिळतो तितका दुसरीकडे क्वचितच मिळेल. तोच आज थोडक्यांत सांगतों.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. जुनें तें दुर्मिळ असें आपण सहज धरून चालतों. जगांतलें पहिलें डिंक लावलेलें टपालाचें तिकीट म्हणजे इंग्लंडचें १८४० सालचें काळें एका पेनीचें तिकीट. तें सुमारें ६ कोटि ८८ लाख छापलें गेलें, आणि आजहि पैसे मोजणाराला तें सहज मिळतें. याच्या उलट ब्रिटिश गियानाचें १८५६ सालचें किरमिजी रंगाचें एका सेंटचें तिकीट घ्या. विलायतेहून तिकिटें वेळेवर आलीं नाहींत, म्हणून तेथील वर्तमानपत्राच्या छापखान्यांत तात्पुरतीं कांहीं छापून घेतलीं. १८७३ सालीं एका बारा वर्षांच्या मुलाला तें घरच्या जुन्या कागदांत सांपडलें, आणि त्यानें सहा शिलिंगांना विकून टाकलें. त्या जातीचें तेवढें एकच तिकीट आज ज्ञात आहे. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्याला सुमारें ९५ लाख डॉलर आले. हें तिकीट दुर्मिळ व्हावें असें कोणींहि योजिलें नव्हतें. तें दुर्मिळ राहील असें वचनहि कोणीं दिलें नव्हतें. बाकीचीं तिकिटें काळानें खाल्लीं, एवढेंच.

म्हणजे दुर्मिळपणा दोन प्रकारचा असतो. एक घडून येतो. दुसरा कबूल केला जातो. पहिला पूर्वींच घडून गेलेला असल्यामुळें त्याची मोजदाद करतां येते. दुसरा भविष्यकाळावर अवलंबून असतो, आणि तो खरा ठरणें न ठरणें सर्वस्वीं ज्याच्यापाशीं छापण्याचे ठसे आहेत त्याच्या इच्छेवर असतें.

हें मर्म ज्यानें पुरतें ओळखलें, तो निकोलस फ्रेडरिक सीबेक. हा मूळचा जर्मन. न्यूयॉर्कमध्यें येऊन प्रथम तिकिटांचा व्यापारी झाला आणि पुढें हॅमिल्टन बँक नोट कंपनी या छापखान्याच्या कारभारांत शिरला. १८८९ सालीं त्यानें मध्य अमेरिकेंतील सरकारांशीं एक विलक्षण करार केला. साल्वादोर, होंडुरास व निकाराग्वा हे देश त्यांत आले. लवकरच दक्षिणेकडील एक्वादोरहि आलें. कराराचीं कलमें वरवर पाहतां सरकारच्या सोयीचींच होतीं. दहा वर्षें सीबेकनें या सरकारांना लागतील तेवढीं तिकिटें फुकट छापून द्यावयाचीं. दरवर्षीं नवें चित्र, नवा रंग. मोबदला एवढाच कीं, वर्ष संपतांच त्या सालचीं तिकिटें टपालाच्या कामीं रद्द व्हावींत, उरलेलीं सीबेककडे परत यावींत, आणि जुन्या ठशांवरून संग्राहकांकरितां पुन्हां छापण्याचा हक्क त्याच्याकडे राहावा.

गरीब सरकारांना छपाईचा खर्च वाचला याचें समाधान वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु खेळ कोणता चालला होता तो पाहा. संग्राहकाला वाटे, 'गतवर्षाचें तिकीट आतां बंद झालें. जेवढीं निघालीं तेवढींच राहणार.' तिकीट बंद झालें हें अक्षरशः खरें होतें. पण छपाई बंद झाली नव्हती! टपालखात्याचा दरवाजा मिटला तरी छापखान्याचा उघडाच होता. ज्याला सर्व देशाच्या पत्रव्यवहाराला पुरण्यापुरतीं तिकिटें द्यावयाचीं होतीं, तोच माणूस मागल्या दारानें जगभरच्या मुलांना तीं पुरवीत होता. मूळ छाप कोणता आणि मागाहून काढलेला कोणता, हें ठरविण्यासाठीं कागदाच्या जाडीची आणि पोताची परीक्षा करीत बसण्याची पाळी पुढें तज्ज्ञांवर आली.

या व पुढें माजलेल्या अशाच प्रकारांविरुद्ध १८९५ सालीं लंडनमध्यें संग्राहकांनीं व व्यापाऱ्यांनीं मिळून एक मंडळ काढलें. केवळ विक्रीसाठीं काढलेल्या तिकिटांची यादी करावी आणि तीं कोणीं घेऊं नयेत असें सर्वांना कळवावें, हा त्याचा हेतु. मंडळ फार वर्षें टिकलें नाहीं. पण त्या शतकाअखेर सीबेकची पद्धति बंद पडली. १८९९ सालीं सीबेकहि वारला. त्याचीं तिकिटें मात्र वारलीं नाहींत.

हें मी इतक्या खात्रीनें सांगतों याला कारण आहे. माझे आजोबा ग्वाल्हेरला दरबारांत कारकून होते. त्यांचीं घरीं आलेलीं पत्रें आईनें एका डब्यांत जपून ठेविलीं होतीं. पाकिटांवर ग्वाल्हेरचें नांव उठविलेलीं तिकिटें आणि खालीं आजोबांचें वळणदार मोडी अक्षर. मी बारा वर्षांचा असतांना आमच्या गांवच्या एका दुकानदारानें काचेखालीं एक लिफाफा मांडला होता: 'मध्य अमेरिका, १८९० ते ९५, अत्यंत दुर्मिळ.' त्यांतलीं तीं रंगीत, कोरीव चित्रें पाहून माझे डोळे दिपले. माझ्यापाशीं पैसे नव्हते. मीं आजोबांचीं नऊ पाकिटें देऊन तो लिफाफा घेतला. पुढें कित्येक वर्षांनीं टपालखात्यांतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तीं तिकिटें भिंगाखालीं धरलीं, हंसले आणि एवढेंच म्हणाले, "गुरुजी, हा सीबेक." त्या तिकिटांची किंमत तेव्हांहि फारशी नव्हती, आजहि नाहीं, त्याचें मला दुःख नाहीं. पण आजोबांचें हस्ताक्षर आमच्या घरांत आतां कोठेंहि उरलेलें नाहीं. ज्याच्या प्रती निघूं शकत नाहींत तें देऊन, ज्याच्या प्रती हव्या तितक्या निघतील तें मीं घेतलें होतें.

असो. कोणी म्हणेल, सीबेक हा व्यापारी. सरकारच्या शब्दाची गोष्ट निराळी. ती कितपत निराळी आहे तें पुढील प्रकरणांवरून पाहावें.

१९३३ सालीं फ्रँक्लिन रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष झाले. ते स्वतः मोठे तिकीटसंग्राहक. त्यांचे पोस्टमास्तर जनरल जेम्स फार्ले यांनीं नव्या तिकिटांचे कांहीं पूर्ण ताव छापखान्यांतून तसेच उचलले. त्यांना डिंक लावलेला नव्हता कीं कडेला दाते पाडलेले नव्हते. दर्शनी किंमत भरून ते ताव त्यांनीं अध्यक्षांना, अंतर्गत कारभाराचे मंत्री इकीज यांना आणि आपल्या आणखी कांहीं स्नेह्यांना भेट दिले. फार्ले यांना संग्रहाचें वेड नव्हतें. आपण कांहीं वावगें करीत आहों हें त्यांच्या ध्यानांतहि आलें नसावें. पण सामान्य माणसाला टपालकचेरींत जें मागूनहि मिळत नाहीं तें मोजक्या घरांत जाऊन पडलें होतें. त्यांतला एक ताव बाहेरच्या बाजारांत दिसतांच देशभर ओरड झाली. प्रकरण काँग्रेसपर्यंत गेलें. अखेर मार्च १९३५ मध्यें सरकारनें वीस तिकिटांची खास छपाई करून, तशाच स्थितींतले ताव कोणालाहि दर्शनी किंमतींत मिळतील असें केलें. संग्राहक या तिकिटांना आजहि 'फार्लेचा खुळेपणा' म्हणून ओळखतात. येथें ठसे सरकारच्या हातीं होते, आणि पुन्हां छापल्यामुळें न्यायच झाला, असें म्हटलें पाहिजे.

दुसरी गोष्ट इतकी सरळ नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड १९६१ सालीं विमान कोसळून मृत्यु पावले. त्यांच्या स्मरणार्थ ऑक्टोबर १९६२ मध्यें अमेरिकेनें चार सेंटांचें तिकीट काढलें. त्यांतल्या कांहीं तावांवर पिवळा रंग चुकून उलटा छापला गेला. न्यू जर्सींतील लेनर्ड शर्मन नांवाच्या संग्राहकानें पन्नास तिकिटांचा असा ताव ओळखला आणि आनंदाच्या भरांत ही गोष्ट प्रसिद्ध केली. तेव्हांचे पोस्टमास्तर जनरल एडवर्ड डे यांनीं हुकूम सोडला कीं, हीच चूक मुद्दाम करून आणखी तिकिटें छापावींत. टपालखातें म्हणजे सोडतीचा धंदा नव्हे. शर्मन कोर्टांत गेले, परंतु तोंवर पुष्कळ तिकिटें विकलीं गेलीं होतीं. एकंदर सुमारें ४ कोटि चुकीचीं तिकिटें छापलीं गेलीं. एका सकाळीं घबाड हातीं लागलेल्या माणसाच्या हातांत दुसऱ्या सकाळीं चार सेंटांचा कागद उरला. डे यांचें करणें न्याय्य होतें कीं कठोर होतें, याविषयीं संग्राहकांत अजून दोन पक्ष आहेत. मला येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, अपघातानें जन्मलेला दुर्मिळपणा देखील ठसेवाला जोंवर मनांत आणीत नाहीं तोंवरच जगतो.

आणि आतां या कथेचा शेवट ऐका. १९१८ च्या मे महिन्यांत वॉशिंग्टनच्या एका टपालकचेरींत विल्यम रोबी या गृहस्थांना चोवीस डॉलरांत शंभर तिकिटांचा एक ताव मिळाला होता. त्यावर विमान उलटें छापलेलें होतें. तिकिटांच्या इतिहासांतली ही सर्वांत गाजलेली चूक. २०१३ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्या उलट्या विमानाचीच नवी दोन डॉलरांचीं तिकिटें काढलीं. सहा सहा तिकिटांचे सुमारें २२ लाख ताव निघाले, प्रत्येक ताव बंद वेष्टनांत. त्यांत शंभर ताव असे मिसळले कीं त्यांवर विमान सुलटें होतें. कोणाला मिळतील तें दैवाधीन! टपालखातें म्हणजे सोडत नव्हे असें म्हणून ज्या खात्यानें १९६२ सालीं एका माणसाचें नशीब पुसून टाकलें, त्याच खात्यानें एक्कावन वर्षांनीं आपल्या हातानें सोडत काढली. दोन्ही वेळां ठसे त्याच्याच हातीं होते.

तर मग संख्या मर्यादित आहे असें म्हणणारा प्रत्येकजण लबाड समजावयाचा काय? मुळींच नाहीं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे ठसे उठविणाऱ्या चित्रकारांत एक सुंदर प्रघात आहे. ठरल्या तेवढ्या प्रती निघाल्या कीं पत्र्यावर आडवी रेघ ओरखडून तो बाद करावयाचा, आणि त्या रेघेसह एक प्रत काढून लोकांना दाखवावयाची. हा मनुष्य 'पुन्हां छापणार नाहीं' असें नुसतें बोलत नाहीं. पुन्हां छापणें आपल्याला शक्यच राहूं नये अशी व्यवस्था तो ग्राहकाच्या डोळ्यांदेखत करतो. वचन आणि जाहिरात यांतला भेद तो हाच.

म्हणून भाच्याला मीं तीन प्रश्न लिहून पाठविले. पहिला: या यंत्राचे आराखडे व सांचे हजारावें यंत्र निघाल्यावर कोणाजवळ राहतील, आणि त्याला पुन्हां तीं यंत्रें करण्यास मनाई कोण करील? दुसरा: हजार हा आंकडा कशाचा आहे? खेळाचा, कीं केवळ पेटीवरच्या रंगाचा आणि त्या पट्टीवरच्या नांवाचा? कारण तोच खेळ उद्यां निराळ्या रंगांत, निराळ्या नांवानें अथवा कसल्या तरी वाढदिवसाच्या निमित्तानें निघाला, तर 'हजारच' हा शब्द अक्षरशः खरा राहील आणि तरीहि तूं फसलेला असशील. सीबेकनें तरी दुसरें काय केलें? तिसरा: त्या पट्टीवरचा आंकडा कोणीहि नसता तर तुला तो खेळ तेवढ्या किंमतीला हवासा वाटला असता काय?

त्याचें उत्तर परवां आलें. पहिल्या दोन प्रश्नांना विकणाराकडून त्याला सरळ उत्तर मिळालें नाहीं. तिसऱ्याचें उत्तर त्यानें स्वतःच दिलें: "मामा, खेळायलाच हवें होतें. साधें घेतलें."

श्रोतेहो, आपल्याहि घरांत एखादा डबा असेल. त्यांत कोणाच्या तरी हातचीं पत्रें असतील. त्यांवर अनुक्रमांक नसतो, प्रमाणपत्र नसतें, आणि त्यांचे ठसे कोणाच्याच हातीं नसतात. तीं कोणाला देण्यापूर्वीं एकदां उघडून वाचावींत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.