काटा, काया आणि पाणी

घरातल्या वजनकाट्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राविषयीचा वाटतो. वस्तुतः त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. काटा दाखवतो तो आकडा खरा आहे का, हा पहिला. आणि तो आकडा उतरला म्हणजे अंगावरची चरबी उतरली असे समजावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कारागिरांनी आणि अभियंत्यांनी कधीच देऊन ठेवले आहे. दुसऱ्याच्या उत्तराची सामग्री चारशे वर्षांपूर्वी एका वैद्याने गोळा केली होती. ती सामग्री हाताशी असूनही पुढच्या काळात, विशेषतः काटा न्हाणीघरात येऊन बसल्यावर, तिचा विसर कसा पडला, हा या लेखाचा विषय आहे.

माणसाला तराजूत घालण्याची प्रथा जुनीच आहे. परंतु ती वजन जाणून घेण्यासाठी नव्हती. 1617 मध्ये मांडू येथे जहांगीर बादशहाची तुला झाली, तेव्हा इंग्रज राजदूत टॉमस रो तिथे हजर होता. दुसऱ्या पारड्यात रुपे, सोने, रत्ने चढत होती म्हणे. पण सारे थैल्यांत बांधलेले असल्यामुळे आत खडेही असू शकतील, अशी शंका या चतुर गृहस्थाने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने ती सुमारे 16,000 होनांची भरल्याचे लिहिले आहे. या नोंदीवरून महाराजांचे वजन काढण्याचा मोह इतिहासकारांनाही आवरलेला नाही. मात्र होनाचे वजन नेमके किती धरायचे आणि अंगावरच्या वस्त्राभूषणांचे किती वजा करायचे, यावर ते गणित अडते. तुलेत बसणाऱ्याला किंवा बसवणाऱ्याला त्या गणिताची गरज नव्हती. तिथे देह हेच माप होते आणि मोजायचे होते ते दान.

देह मोजायचा, तोही रोज, ही कल्पना पादुआ विद्यापीठातला वैद्यकाचा प्राध्यापक सांतोरिओ सांतोरिओ (1561–1636) याची. त्याने छतापासून लोंबणाऱ्या काट्याच्या दांडीला एक खुर्ची टांगली. या काट्याला दोन पारडी नव्हती. दांडीवर मागेपुढे सरकणारे वजन होते. खुर्चीत बसून तो जेवे. ठरवलेल्या वजनाइतके अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली जाई आणि जेवणाऱ्याने काय ते समजून हात आवरता घ्यावा, अशी योजना होती. आहारनियमनाची यंत्रे नंतर पुष्कळ झाली; जेवणाऱ्यालाच ताटापासून दूर नेणारे हे पहिलेच म्हटले पाहिजे!

परंतु सांतोरिओचे खरे कुतूहल जेवणाआधीच्या आणि नंतरच्या वजनाविषयी नव्हते, मधल्या हिशेबाविषयी होते. जे पोटात जाते ते तोलायचे, मलमूत्रावाटे जे बाहेर पडते तेही तोलायचे, आणि स्वतःलाही तोलायचे. हिशेब जुळेना. दिवसाकाठी आठ पौंड खाल्लेप्यायले तर त्यातले सुमारे पाच पौंड कोणत्याही दृश्य वाटेने न जाता नाहीसे होतात, असे त्याला आढळले. त्वचेतून आणि श्वासातून नकळत जाणाऱ्या या भागाला त्याने अलक्षित स्वेद मानले. 1614 मध्ये त्याचा ‘दे स्तातिका मेदिचिना’ हा लॅटिन ग्रंथ निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याची प्रत त्याने गॅलिलिओकडे पाठवली.

या ग्रंथाचे रूप मोठे विलक्षण आहे. तो सूत्रांचा ग्रंथ आहे. तक्ते नाहीत, दिनांकवार नोंदी नाहीत. आहेत ते छोटे छोटे निष्कर्ष, एखाद्या स्मृतिग्रंथासारखे. त्यामुळे त्याचे आकडे पुढे शतकभर प्रमाण मानले गेले, तरी ते तपासण्याची सोय वाचकाला नव्हती. तथापि त्यातले एक निरीक्षण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अनमोल आहे. निरोगी, मिताहारी पुरुषाचेही वजन महिन्याभरात एकदोन पौंडांनी वाढते आणि महिन्याअखेर अधिक लघवी होऊन पूर्ववत होते, असे तो सांगतो. त्याची मीमांसा आज टिकणार नाही. पण स्थिर प्रकृतीच्या माणसाचे वजनही स्थिर नसते आणि त्या चढउताराचा पाण्याशी संबंध आहे, हे त्याला दिसले होते.

नोंदींची उणीव भरून काढली ती अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या जॉन लायनिंग या डॉक्टरने. 1740 पासून वर्षभर त्याने स्वतःचे वजन, खाणेपिणे आणि उत्सर्ग यांची हवामानासह टिपणे ठेवली आणि तक्त्यांसकट लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवली. साथीच्या रोगांचे मूळ ऋतुमानात शोधावे, हा त्याचा हेतू. बारीक होण्याचा प्रश्न सांतोरिओलाही पडला नव्हता आणि लायनिंगलाही. दोघांच्याही लेखी वजन म्हणजे देहात काय येते आणि काय जाते याची खातेवही होती.

हीच वही हौसेची कशी झाली, ते लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील बेरी यांच्या दुकानात दिसते. पुढे ही पेढी मद्यविक्रीसाठी प्रसिद्ध झाली. कॉफीच्या व्यापारासाठी आणलेल्या तिथल्या मोठ्या तराजूत 1765 पासून गिऱ्हाइकांना तोलून घेण्याची आणि वजन वहीत मांडून ठेवण्याची चाल पडली. 1806 मध्ये लॉर्ड बायरनचे वजन तिथे 13 स्टोन 12 पौंड, म्हणजे सुमारे 88 किलो भरले. स्थूलपणाच्या भयाने हा कवी उपाशी राही, हे प्रसिद्धच आहे. पण मला त्या वहीतली खरी मौज वाटते ती आकड्यापुढच्या टिपणीची: पायांत बूट होते, डोक्यावर टोपी नव्हती. दुकानदाराला पासंग म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते. आकड्यात बूट मिसळले असतील तर तसे सांगायला हवे, हा व्यापाऱ्याचा प्रामाणिकपणा पुढच्या काटेवाल्यांनी सोडून दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाणे टाकून वजन सांगणारी यंत्रे आली. आपल्याकडच्या रेल्वे फलाटांवरचे लुकलुकत्या दिव्यांचे यंत्र हे त्यांचेच भावंड. खट् असा आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचे तिकीट हाती पडे. त्यावर वजन असे आणि सोबत भविष्यही असे. दोन्ही मजकुरांवर सारख्याच श्रद्धेने विश्वास ठेवणारे प्रवासी अनेकांनी पाहिले असतील. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत छोटा, लोळता काटा घरोघर शिरू लागला. 1918 मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंचे कॅलरी मोजायला शिकवणारे पुस्तक निघाले व तडाखेबंद खपले. 1942–43 मध्ये मेट्रोपोलिटन या विमा कंपनीने ‘आदर्श’ वजनांचे तक्ते प्रसिद्ध केले. ते नेहमीच्या कपड्यांतल्या आणि बूट घातलेल्या माणसाचे होते. बांधा लहान, मध्यम की मोठा याचे रकाने होते, पण बांधा कसा मोजायचा हे सांगितलेले नव्हते. देहाच्या खातेवहीची अशी गुणपत्रिका झाली. न्हाणीघरात दार लावून माणूस एकटाच काट्यावर चढतो. पण त्या तक्त्याचा परीक्षक त्याच्याबरोबर आत जातोच.

आणि नेमक्या याच काळात काट्याच्या भाषेचा उलगडा प्रयोगशाळेत होत होता. मिशिगन विद्यापीठात लुई न्यूबर्ग आणि मार्गारेट जॉन्स्टन यांच्यापुढे जुनीच तक्रार होती. कडक पथ्यावरचे स्थूल रुग्ण म्हणत, आम्ही सांगितले तेवढेच खातो, तरी काटा हलत नाही. रुग्ण चोरून खातात असे काही डॉक्टर म्हणत. ग्रंथींचा दोष असेल असे बाकीचे म्हणत. न्यूबर्ग-जॉन्स्टन यांनी रुग्णांना देखरेखीखाली ठेवले, अन्नपाणी तोलले, उत्सर्ग तोलला, आणि सूक्ष्म काट्यावर अलक्षित घटही मोजली. सांतोरिओची खुर्ची तीनशे वर्षांनी पुन्हा मांडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही. 1930 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: चरबी ठरल्या गतीने जळतच असते; पण तिच्या जागी शरीर कित्येक दिवस पाणी धरून ठेवते, म्हणून वजन तसूभरही हलत नाही. मग ते पाणी सुटते आणि काटा एकदम खाली येतो. रुग्ण खोटे बोलत नव्हता, काटाही खोटे बोलत नव्हता. पासंग देहात होता.

न्यूबर्ग यांची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्थूलतेचे सारे खापर त्यांनी खाण्यातल्या असंयमावर फोडले. एका आरोपातून सोडवलेल्या रुग्णाला त्यांनी लगेच दुसऱ्या आरोपाच्या पिंजऱ्यात उभे केले. आज आनुवंशिकता, झोप, औषधे, अंतःस्राव यांचा वाटा आपल्याला माहीत असल्यामुळे तो निवाडा फार एकांगी वाटतो.

दूधपाणी निवडण्याची कथा हंसाविषयी सांगतात. काट्याकडे तो गुण नाही. थोडे आकडे पाहिले की हे ध्यानात येईल. किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. रोज 500 कॅलरी कमी घेणाऱ्याची चरबी दिवसाला जेमतेम 65 ग्रॅम घटते. बहुतेक घरगुती काट्यांचे लघुतम मापच 100 ग्रॅम! उलट दोन पेले पाणी प्यायल्यास अर्धा किलो तत्काळ वाढतो. लोणचे-पापडाच्या जेवणानंतर मिठाबरोबर पाणी अडते. मासिक पाळीच्या सुमारास अनेक स्त्रियांचे वजन वाढते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. पोळी-भात सोडणाऱ्याचे पहिल्या आठवड्यात दीडदोन किलो उतरतात ते मुख्यतः त्या साठ्याचे आणि त्यातल्या पाण्याचे. हे उतरलेले किलो दाखवून आहारपद्धती विकणाऱ्यांचा धंदा पहिल्या आठवड्यावर चालतो, आणि श्रद्धाळूंचा धीर तिसऱ्या आठवड्यात सुटतो. पथ्य बरोबर चालू असताना केवळ आकड्याच्या रुसव्यामुळे ते मोडणारी माणसे पाहिली की हळहळ वाटते.

मग चरबी जाते कुठे? सिडनीच्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी 2014 मध्ये हा हिशेब मांडला. दहा किलो चरबी जळली की 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि 1.6 किलोचे पाणी होते. सांतोरिओच्या हिशेबातून नाहीशा झालेल्या पाच पौंडांत बराचसा वाटा पाण्याचा होता, हे खरे. पण आज आपण ज्या घटीसाठी काट्यावर चढतो, तीही त्याच अदृश्य वाटेने जाते.

वजन आणि चरबी या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे 1942 मध्ये अमेरिकी नौदलातील अल्बर्ट बेन्के यांनी दाखवून दिले. त्यांनी पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्यात बुडवून तोलले. तक्त्यांच्या हिशेबाने त्यांतले सतरा जण अतिवजनामुळे अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगावर चरबी थोडीच होती, भार स्नायूंचा होता. आर्किमिडीजचे तत्त्व या खेळाडूंच्या मदतीला आले. पण घरी कोणी हौद बांधत नाही.

यंत्राविषयी मात्र फारशी तक्रार उरलेली नाही. स्प्रिंगच्या जुन्या काट्यांची स्प्रिंग सैल होई आणि शून्य सरके. 1938 च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या ताणमापक पट्टीवर आजचे इलेक्ट्रॉनिक काटे चालतात, आणि सपाट, टणक फरशीवर ते पुरेसे बिनचूक असतात. सतरंजीवर ठेवले तर चुकतील. दोन काट्यांत किलोभराचा फरक आढळला तरी बिघडत नाही, कारण बदल पाहायचा तर एकच काटा, एकच जागा आणि एकच वेळ हवी: सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी. रोजचा आकडा लिहून ठेवावा, पण वाचावी ती आठवड्याची सरासरी, आणि तीही तीनचार आठवडे शेजारी शेजारी मांडून. पाण्याची भरतीओहोटी सरासरीत बरीचशी विरून जाते आणि चरबीचा संथ उतार दिसू लागतो. जोडीला कमरेची फीत असावी. आणि ज्याचा सगळा दिवस सकाळच्या आकड्यावर ठरू लागला आहे, त्याने हे दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावे.

जपानच्या तानिता कंपनीने 1992 मध्ये चरबीचे प्रमाण सांगणारा काटा आणला, तेव्हा हा सारा घोळ मिटणार असे अनेकांना वाटले. अशा काट्यावर अनवाणी उभे राहिले की एका पायातून दुसऱ्या पायात न जाणवणारा वीजप्रवाह सोडला जातो. पाणीदार स्नायूंतून तो सहज वाहतो, चरबीत अडखळतो. त्या अडथळ्यावरून आणि उंची, वय, लिंग यांवरून यंत्र टक्केवारी अनुमानाने काढते. म्हणजे हा काटा प्रत्यक्षात अजमावतो ते पाणीच. व्यायाम करून घामाघूम झालेला माणूस त्यावर चढला, तर घाम गाळूनही आपली चरबी वाढली असे त्याला वाचावे लागू शकते.